दांडीवरची उशी

आमच्या आईच्या सायकलच्या सीटवर एक जुनी उशी बांधलेली आहे. गोधडीच्या तुकड्यांची, चार कोपऱ्यांना चार नाड्या असलेली. तिचा रंग कुठला ते विचारू नका. एके काळी त्यात आईचं जांभळं लुगडं होतं, अण्णांच्या शर्टाची पट्टी होती आणि माझ्या टोपड्याचा हिरवा तुकडा होता. आता सगळ्यांनी मिळून एकच रंग धरलाय. आम्ही राहतो तिथे, कल्याणला गंधाऱ्याच्या रिंगरोडवर, सकाळी सकाळी हेल्मेटवाली तरुण मंडळी झुंडीनं सायकली घेऊन येतात. त्यातल्या एकानं परवा आईला थांबवून विचारलं, "आजी, हे सीट कव्हर एकदम मस्त आहे. कुठून घेतलं?"

"मोहन्याहून," आई म्हणाली आणि पायडल मारून पुढे गेली.

मी मागेच होते. तो मुलगा फोन काढून मोहन्यात सायकलचं दुकान शोधायला लागला, आणि मी आईच्या पाठीकडे बघत राहिले. सत्तरीला टेकलेली बाई, पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट, वेणीला पांढरी रिबीन बांधावी तसे पांढरे केस. मला तिचा अभिमान वाटतो हे आधीच सांगून टाकते. उगाच आडपडदा कशाला.

उशी आईनेच शिवलेली, माझ्यासाठी. आम्ही तेव्हा मोहन्याला चाळीत राहायचो आणि माझे वडील, अण्णा, रेयॉनच्या कारखान्यात होते. मोहनं जवळ आलं की डोळ्यांआधी नाकाला कळायचं, इतका कारखान्याचा वास तिथल्या हवेत मुरलेला. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला त्यांचं हसू यायचं. भोंगा झाला की घरोघर भात चुलीवर चढायचा, भोंगा झाला की पोरं शाळेला पळायची. रविवारचा भोंगा मात्र अण्णांसाठी नसायचा. विहारात वंदना झाली की ते सायकल पुसायला घ्यायचे. काळी, उंच, दांडीची सायकल. चेनला तेल लावलेल्या चिंधीचा एक वास असतो, थोडा घासलेटचा, थोडा खोबरेलचा. तो वास आला की मी अर्धवट वेणीनिशी दारात हजर. आई उशी घेऊन बाहेर यायची, दांडीला नाड्या करकचून बांधायची, उशीवर एक थापटी मारायची आणि म्हणायची, "जा. नीट खाऊन या. आणि आल्यावर मला नीट सांगा."

कारण आम्ही खायलाच निघालेलो असायचो. अण्णांना पत्त्यांचा नाद नव्हता, पिण्याचा तर नव्हताच. त्यांचा शौक एकच, सायकल काढायची आणि नवं हॉटेल शोधायचं. शहाडचा पूल ओलांडला की त्यांचं नाक कामाला लागायचं. "गाडीत बसलेल्या माणसाला नुसती पाटी दिसते," ते माझ्या डोक्यावरून बोलायचे, "सायकलवाल्याला भटारखाना कळतो." ते खरंच होतं. दूधनाक्याला बेकरीतल्या टोस्टचा वास, पारनाक्याला कुणाच्या तरी घरातली फोडणी, दुर्गाडीच्या उताराला खाडीचा चिखल आणि सुकत घातलेली मासळी. मी डोळे मिटून सांगायचे, आता कुठे आलो. एकदा तर आम्ही थेट ठाण्याला तलावपाळीपर्यंत गेलो होतो. पोचेपर्यंत माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या, मला उभंच राहता येईना. अण्णांनी मला तशीच उचलून हॉटेलातल्या खुर्चीत ठेवली आणि पोऱ्याला ऐटीत सांगितलं, "मोहन्याहून आलोय. सायकलवर." सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मी पाय झटकत राणीसारखी बसले होते.

अण्णांची एक पद्धत होती. कुठल्याही हॉटेलात ते आधी समोरून शिरायचेच नाहीत. सायकल हातात धरून मागच्या अंगाला एक फेरी मारायची, भांडी कुठल्या पाण्यात घासतात, कांदा कोण चिरतंय, चूल कशी आहे ते बघायचं, आणि मनासारखं असेल तर मगच वळसा घालून पुढच्या दारानं आत. कितीतरी हॉटेलवाल्यांना ते सरकारी माणूस वाटले असतील.

असंच मागून बघून आवडलेलं एक हॉटेल ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकाजवळ होतं. वर पत्रा, चार बाकडी, आणि मागे शेणानं सारवलेल्या पडवीत चूल. पद्मीबाय नावाची आगरी बाई ते चालवायची. आधी त्यांची शेतं होती, मिठागरंही होती, असं ती सांगायची. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना सायकली, हातगाड्या, माणसं खोळंबायची आणि नेमकी तेव्हाच तिची तांदळाची भाकरी तव्यावर फुगायची. त्या वासापुढे फाटक उघडलं काय आणि न उघडलं काय. खाडीच्या कोलंबीचा रस्सा, त्यात वांगं, शेवग्याच्या शेंगा आणि तोंडाला झटकन पाणी सुटेल असं काहीतरी आंबट. अण्णा पहिला घास घ्यायचे आणि लगेच पुढची भाकरी सांगून ठेवायचे. नंतर नंतर आम्ही नवीन हॉटेल शोधायला म्हणून निघायचो आणि सायकल आपली पत्रीपुलाकडे, ठाकुर्लीच्या वाटेला वळायची.

आई कधीच आली नाही. पार्सलही चालायचं नाही तिला. अण्णांनी एकदा हौसेनं तिच्यासाठी रस्सा बांधून आणला होता. तिनं तो आम्हाला वाढला, स्वतः हात लावला नाही. नंतर केव्हा तरी भाकरी थापता थापता तिनं मला सांगितलं होतं. तिच्या आईला, माझ्या आजीला, नगरकडच्या त्यांच्या गावात हॉटेलबाहेर बसवून चहा द्यायचे. कप वेगळा, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला. पिऊन झाला की आपणच धुऊन परत ठेवायचा. भजी घेतली तर पुडी वरून टाकायचे. "तवापासून मी ठरवलंय," आई म्हणाली होती, "हॉटेलातलं खायचं तर हॉटेलात जाऊन, खुर्चीवर बसून. पुडी नको मला कुणाची." आवाज तिनं जराही चढवला नव्हता.

"मग चल की आमच्याबरोबर," अण्णा म्हणायचे. "कॅरिअरवर बस. जग बसतं."

"मला नाय कुणाच्या मागं बसायचं. मला शिकवा."

त्यांनी शिकवायला घेतलं. एका संध्याकाळी चाळीमागच्या मैदानात, साडीचा काचा मारून आई त्या उंच सायकलवर चढली. मध्ये ही दांडी, पाय जमिनीला टेकेनात, अण्णा मागून धरून धावताहेत, सगळी चाळ कठड्याला येऊन उभी. अण्णांनी हात सोडला आणि आई दहा पावलांवर एरंडाच्या झुडपात गेली. चाळ हसली. आई उठली, कोपराचं रक्त पदरानं टिपलं आणि मागे वळून पाहिलं, तर अण्णाही हसत होते. वाईट मनानं नाही हसले ते, पण हसले.

"ठीक आहे," आई म्हणाली. "आता बसेन ती स्वतःच्या सायकलवर. तोवर तुमच्या त्या पद्मीबायचा घास माझ्या तोंडात जायचा नाय."

आमच्या आईनं एकदा म्हटलं की म्हटलं. अण्णांनी नंतर खूप मिनतवाऱ्या केल्या, बस आहे, रिक्षा आहे, माझं चुकलं म्हणाले. दगडाला पाझर फुटेल पण हिला नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पण चवीचा हट्ट तिनं सोडला नाही. आम्ही परत आलो की ती अण्णांना पाणी द्यायच्याही आधी समोर बसायची. "सांगा." मग अण्णा सांगायचे, हात हलवून, जिभेचा टाळ्यावर आवाज काढून. रस्सा पातळ की दाट? वाटप भाजलेलं की कच्चं? वर तेल दिसतं का? आई मध्येमध्ये मला विचारायची, कारण अण्णा सांगता सांगता त्या चवीत हरवून जायचे आणि मुद्द्याचं राहून जायचं. मग ती नुसत्या ऐकीव माहितीवर तो रस्सा करायची. येसराच्या आमटीवर वाढलेली घाटावरची बाई, खाडीची कोलंबी तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोहन्याच्या बाजारात हातात घेतली असेल. पहिल्या खेपेला तिनं चिंच घातली. अण्णांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "झकास. पण काहीतरी राहतंय."

ते "काहीतरी राहतंय" आमच्या घरात पुढं कित्येक वर्षं राहायला होतं.

पावसाळ्यात तिनं कोकम घालून पाहिलं. थंडीत टोमॅटो. उन्हाळ्यात आंबिवलीच्या वाटेवरच्या झाडाची कैरी पाडून आणायचे मी, दात आंबेपर्यंत खायचे आणि उरलेली आईला द्यायचे. शेवटी तिनं कैरीच्या फोडी मीठ लावून पत्र्यावर वाळवल्या, आंबोशी केली. आंबोशीचा रस्सा उकळायला लागला तेव्हा मीच ओरडले, "हाच! हाच वास!" अण्णांनी भाकरी मोडली, खाल्ली. बराच वेळ विचार केला बिचाऱ्यांनी.

"सेम टू सेम," ते म्हणाले. "पण खरं सांगू? काहीतरी राहतंय."

"अहो पण काय?"

"तेच सांगता येत नाय गं मला. तू चल, तुला कळेल."

आई पळी भांड्यात आपटून उठली. मात्र तो रस्सा चाळीत पोचला. शेजारच्या बायका वाटी घेऊन यायच्या, त्याला "ठाकुर्लीची आमटी" म्हणायच्या, आणि त्यातल्या कुणीही ठाकुर्लीला पाऊल ठेवलेलं नव्हतं, करणाऱ्या बाईनंही नाही. जयंतीच्या जेवणाला मोठ्या टोपात ती आईच्याच हातची लागायची. मिरवणूक संपवून निळ्या गुलालानं माखलेली माणसं पंगतीत बसायची आणि टोप खरवडून निघायचा. आई कमरेवर हात ठेवून उभी असायची. तिचं लक्ष पंगतीकडे नसायचंच; ती अण्णांच्या तोंडाकडे बघत असायची.

मग मी मोठी झाले, दांडीवर मावेनाशी झाले. उशी ट्रंकेत गेली. एके दिवशी भोंगा वाजायचा थांबला, वास गेला, माणसं पांगली. चाळीत एक विचित्र शांतता आली होती. पहाटे आपोआप जाग यायची आणि कशानं आली ते कळायचं नाही. अण्णांनी सायकल चालवणं सोडलं नाही, सायकलच त्यांना सोडून गेली, गुडघे दुखायला लागले तेव्हा. शेवटच्या आजारात त्यांना काही जात नव्हतं. आईनं रस्सा केला, गाळून वाटीत दिला. त्यांनी दोन चमचे घेतले आणि तिच्याकडे बघून हसले. बोलायचं त्राण नव्हतं, पण ते काय म्हणताहेत ते आम्हा दोघींना समजलं. आई वाटी घेऊन मोरीत गेली आणि तिथेच उभी राहून रडली.

पुढं मी कल्याणला गंधाऱ्याला घर घेतलं आणि आईला घेऊन आले. समोर रिंगरोड झाला. त्याच्या कडेला सायकलींसाठी पट्टा आखलाय. त्यावर सायकलींपेक्षा कणीसवाले, स्कूटी शिकणाऱ्या मुली आणि म्हशीच जास्त असतात, तरी पट्टा आहे. अण्णांचं वेड माझ्यात उतरलेलं, मी रविवारी सायकल काढायचे. आई गॅलरीत उभी राहून बघायची. एका रविवारी मी परत आले तर ती म्हणाली, "त्या पलीकडच्या बाईची सायकल पाहिलीस? मधी दांडीच नाय."

"लेडीज सायकल आहे ती."

"बुटकी पण आहे. पाय टेकतात."

मी पुढच्या रविवारी तिच्यासाठी तशीच घेऊन आले. तिनं सायकलभोवती एक फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिले, मग आत जाऊन ट्रंक उघडली आणि उशी घेऊन आली. "सीट टोचते या नवीन सायकलींची," एवढंच म्हणाली.

रोज पहाटे, पट्ट्यावर म्हशी यायच्या आत. मी मागून धरून पळायचे. हात सोडायचे नाही, ती सांगेल तेव्हाच सोडायचे. येणारे जाणारे थांबून बघायचे. एक आजोबा तर रोज सांगायचे, "बाई, या वयात हाड मोडलं तर जुळत नाही." आई त्यांना म्हणाली, "जुळवायचं माझं मी बघते, तुम्ही फिरा." पडली ती. दोनदा पडली, एकदा चांगलीच. मी थोडीसुद्धा हसले नाही. मग एका सकाळी ती ओरडली, "सोड!" मी सोडलं. ती गेली. थोडी वाकडी, मग सरळ, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात ओढणी उडवत ती चक्क गेली, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होते. तेच सल्ला देणारे आजोबाही वाजवायला लागले.

सायकलवर जरा हात बसल्यावर, गेल्या थंडीत, ती म्हणाली, "उद्या ठाकुर्ली."

दुर्गाडीपर्यंत काही त्रास नाही. पत्रीपुलाच्या चढाला ती धापा टाकायला लागली. मी म्हटलं, उतर, सायकल हातात धरून चालू या. "अण्णा उतरायचे का?" तिनं विचारलं. नाही, ते उतरायचे नाहीत. मला दांडीवर घेऊन उभ्यानं पायडल मारायचे. ती उतरली नाही. रिक्षावाले हॉर्न मारत होते, ट्रक अंगावरून जात होते, आणि माझी आई पुलाच्या कडेकडेनं, एकेक पायडल, वर चढत होती. रडत सायकल चालवता येत नाही, म्हणून मी तिच्या मागच्या चाकाकडे बघत पायडल मारत राहिले.

ठाकुर्लीला फाटक नाही आता, वरून पूल गेलाय. पत्रा जाऊन स्लॅब आलाय, बाकड्यांच्या जागी खुर्च्या आहेत. पण भाकरीचा वास होता. मी पुढच्या दाराकडे वळले तर आईनं मला थांबवलं. सायकल हातात धरून ती मागच्या अंगाला गेली. नळ बघितला, भांडी बघितली, कांदा चिरणाऱ्या बाईच्या हाताकडे बघितलं. मग मान डोलावली, वळसा घातला आणि पुढच्या दारानं आत शिरली. मधल्या टेबलावरची खुर्ची तिनं ओढली आणि बसली. टेबलावर दोन्ही हात ठेवून सावकाश बसली.

गल्ल्यावर एक म्हातारी होती. तिची नजर दारात लावलेल्या सायकलींवर खिळलेली. "ती उशी," ती म्हणाली, "दांडीवं बसून यायची ती पोर तू का गो?"

"हो, पद्मीबाय."

"आन तुजा बापूस! मागल्या दारानं यून भांडी बगाचा. मी घोवाला बोलाची, हा मानूस मुनशीपाल्टीचा हाय का काय! कवा येनार तो?"

"ते नाहीत," आई म्हणाली. "मी आलेय."

पद्मीबाय स्वतः उठून ताट घेऊन आली. आईनं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि पहिला घास घेतला. मी श्वास धरून बसले होते, कारण इतक्या वर्षांचा निकाल लागायचा होता.

"आंबोशी," आई म्हणाली.

"आंबोशीच," पद्मीबाय म्हणाली. "तुला कुनी सांगलं?"

"कुणी नाय." आईनं दुसरा घास घेतला. "शेवगा जरा जास्त शिजलाय. वाटप माझं बारीक असतं. माझा याच्यापेक्षा चांगला होतो." हे तिनं पद्मीबायच्या तोंडावर सांगितलं, आणि पद्मीबाय हसत सुटली. पण आईचा हात थांबत नव्हता. एक भाकरी संपली, दुसरी आली. मानेवरचा घाम तिनं ओढणीनं पुसला, पाणी प्यायली, पुन्हा वाटी पुढे केली. घरी अर्धी भाकरी खाणारी बाई. तिसऱ्या भाकरीच्या मध्यावर ती एकदम थबकली. हातातल्या घासाकडे बघत राहिली.

"हे राहत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"भूक गं. सायकलची भूक. हे एवढं पायडल मारून आल्यावरची. ती मी टोपात कुठनं घालणार होते?" तिचे डोळे भरून आले आणि ती हसायलाही लागली. "खरं बोलत होते बघ ते. रस्सा माझा पुरा होता. लबाडाला सांगता येत नव्हतं एवढंच."

निघताना पद्मीबाय म्हणाली, "घरी नेवाला बांधून देऊ?"

"नको," आई म्हणाली. "मीच येईन परत."

पुढच्या रविवारी आईनं पहाटेच रस्सा केला. आंबोशी घातली, झाकण ठेवलं. मी ताट घ्यायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "आधी सायकल." आम्ही दोघी टिटवाळ्याच्या रस्त्याला लागलो, पार मोहनं मागे टाकून. धुकं होतं, वीटभट्ट्यांचा धूर होता, आंबिवलीजवळ कुणी तरी कांदा परतत होतं आणि आम्ही दोघींनी एकदमच वास घेतला. परत आलो तेव्हा माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आईनं भाकरी टाकली, वाढलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली, जयंतीच्या पंगतीत उभी राहायची तशी. मी पहिला घास घेतला.

"राहतंय काही?"

तोंड भरलेलं होतं. मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"नाही, आई. काहीच नाही राहिलं."

मग तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसली.